नेलपॉलिश लावलेला स्क्रू

पिंगळी, दि. ११ जून २०२४

नागनाथ भाऊजी,
सप्रेम जयभीम.

आज सकाळपासून लाइट नव्हती. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले आहेत, म्हणून जाऊन वर्ग झाडून घेतला. दुपारी कुरियरवाला आला, सही घेतली आणि तुमचं पाकीट देऊन गेला. आत पेनड्राइव्ह होता. चिठ्ठी नव्हती. लाइट आल्यावर शेजारच्या केशरबाईंच्या टीव्हीला लावून ऐकला, आपल्या टीव्हीत ती सोय नाही.

आत्याबाईंच्या जात्यावरच्या ओव्या एकामागून एक लागल्या. केशरबाईंनी त्यांच्यासोबत दळण दळलेलं आहे. त्या पदर डोळ्याला लावून बसल्या. "मालनबाई उठून बसली की गं पुन्हा," म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पर गोधडीत तोंड घालून गायलीय का काय? असा दबका काहून येतोय आवाज?" मी म्हटलं, नागनाथ भाऊजींनी पुण्यात साफ करून घेतलाय. "मंग लय जोरात घासला असंल," म्हणाल्या.

आईच्या ओव्यांसाठी मेहनत घेतलीत, खर्च केलात, त्याबद्दल आभार. ओव्या स्वच्छ आहेत. फारच स्वच्छ आहेत. एक संपली की लगेच दुसरी. मधे काहीच नाही. मधे जे होतं ते कुठं गेलं, हे मला विचारायचं आहे, पण आधी दुसरं.

मशीन आणि टेपच्या स्पूलचे डबे परत कधी पाठवता ते कळवा. हे गेल्यावर जलदान विधीच्या दिवशी मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले होते. पाहुणे जेवत होते. तुम्ही समोरच्या खोलीतून टेपरेकॉर्डर उचलून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. स्पूलचे डबेही नेले. मला ते संध्याकाळी कळलं, तेही रंगनाथभाऊंकडून. टेलिफोन ऑफिसात त्यांनी ह्यांच्याबरोबर नोकरी केली, ते घरचेच आहेत, तरी सांगताना त्यांची मान खाली होती. "नागनाथ म्हणाला, सर्व्हिसिंग करून आणतो. मला वाटलं तुमाला विचारलं असंल." मला कुणी विचारलं नव्हतं. टेबलावर मशीनच्या आकाराचा धुळीचा चौकोन राहिला होता.

दुःखात प्रत्येकाला काहीतरी हातात धरावंसं वाटतं, असं तेव्हा मनाला सांगितलं. आता मार्चचा जून झाला. मशीन पाठवा. स्पूल एकही मागे ठेवू नका.

राजेश्रीला जयभीम.

सुकेशनी


पिंगळी, दि. २३ जून २०२४

नागनाथ भाऊजी,
जयभीम.

काल तुमचा फोन आला. तुम्ही बोलत होतात आणि मी हं, हं करत होते. म्हणून पुन्हा पत्र. तुम्ही हसून म्हणालात, "वहिनी, आता पत्र कोण लिहितं? आमच्या सोसायटीच्या वॉचमनला वाटलं कोर्टाची नोटीस आली." तसं समजलात तरी चालेल. फोनवर तुमचं बोलणं संपेपर्यंत माझं राहून जातं. पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही.

मी मशीन मागितलं, तर तुम्ही म्हणालात, "अहो, दादाच्या मशीनचं हेड वाकडं होतं. इतकी वर्षं! त्याच्या लक्षातच आलं नाही. इथल्या एक्स्पर्टनं पाच मिनिटांत सरळ करून दिलं." आणि वर हसलात.

मला राग आला आहे. लग्न होऊन या घरात आल्यापासून तुमच्याशी मी कधी रागानं बोलले नाही. आज लिहिते आहे.

ह्यांनी ते मशीन हैदराबादच्या जुमेरात बाजारातून जुनं आणलं तेव्हा तुम्ही आमच्याकडेच राहून बारावी करत होतात. बंद होतं. ह्यांनी कंडेन्सर बदलले, रबरी चाक साफ केलं, हेड खोलून पुन्हा बसवलं. टेप ज्या बोटाएवढ्या धातूच्या तुकड्याला घासत जाते, आवाज भरतो आणि वाजतो, ते हेड. ते बसवताना किंचित तिरपं बसलं. चूक ह्यांचीच. पुस्तक बघून काम करायचा ह्यांना कंटाळा, आणि स्वतःच्या हातावर भरवसा जरा जास्तच. ऑफिसात ह्यांना 'बडे इंजिनियर साब' म्हणायचे, ते काही कौतुकानं नाही.

तिरप्या हेडनं भरलेला आवाज तिरप्या हेडवर नीट वाजतो, त्यामुळे कुणालाच कळलं नाही. आत्याबाईंच्या सगळ्या ओव्या तशाच भरल्या गेल्या. पुढे ह्यांच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या नांदेडच्या एका गिऱ्हाइकानं गाण्यांचा बाहेर भरलेला स्पूल आणला, तो आपल्या मशीनवर दबका वाजला, तेव्हा ह्यांना उमगलं. पण तोवर आत्याबाईंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. वाचा गेली होती. ओव्या पुन्हा भरणं शक्य नव्हतं.

मी चौथीला शिकवते. पोरानं तिरकं लिहिलं असेल तर वही तिरकी धरून वाचते. पोराचं लिहिणं खोडत नाही. ह्यांनी तेच केलं. "वाकडं भरलंय ना मी, आता वाकडंच वाजवीन," म्हणाले. हेडच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे तो आपोआप फिरणार नाही आणि कुणी फिरवला तर कळेल. केशरबाईंच्या लेकीची बाटली आणली होती. ती अजून म्हणते, काकांनी माझी नवीकोरी बाटली त्या डबड्यावर संपवली.

त्यानंतर लातूर, बिदरपासून लोक अँप्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर घेऊन यायचे. सगळ्यांची मशीनं ह्यांनी सरळच करून दिली. हे एकच वाकडं ठेवलं. ठेवलं, भाऊजी. राहिलं नाही.

तुमच्या एक्स्पर्टला तो लाल ठिपका दिसला असणार. जुन्या मशीनवर काम करणाऱ्याला असा ठिपका दिसला की तो आधी विचारतो, कुणी लावला, का लावला. त्यानं तुम्हाला विचारलं का? आणि तुम्ही मला विचारलंत का? एका फोनचं काम होतं.

तुम्ही टाकलेला व्हिडिओ केशरबाईंच्या जावयानं दाखवला. 'आधी' आणि 'नंतर'. नंतरच्या भागात लाकूड आरशासारखं चमकतं. पुष्कळ लोकांनी अंगठे दिले आहेत. खाली तुम्ही लिहिलंत की वडील भावाचा वारसा जिवंत केला. ओव्या गोधडीतून ऐकू येतात आणि वारसा जिवंत झाला.

मशीनला आता कुणालाही हात लावू देऊ नका. आहे तसं पाठवा.

सुकेशनी


पिंगळी, दि. १४ जुलै २०२४

नागनाथ भाऊजी,

तुमचं उत्तर नाही. राजेश्रीचा फोन आला. तिच्यावर रागवू नका, माझी जाऊ बिचारी बोलताना दोनदा थांबली.

पुढच्या रविवारी पुण्यात कार्यक्रम आहे म्हणे. जुनी मशीनं जमवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात आपलं मशीन आणि आत्याबाईंचे स्पूल ठेवणार. तुम्हाला शाल आणि श्रीफळ. पत्रिकासुद्धा छापल्या. मला आली नाही.

राजेश्रीनं आणखी एक सांगितलं. पेनड्राइव्हवर भरताना तुम्ही ओव्यांच्या मधला भाग काढायला लावला. त्या माणसानं विचारलं हे काय आहे, तर म्हणालात, "फालतू आहे, उडवा."

पहिल्या पत्रात हेच विचारायचं होतं. लिहायला बसले आणि लिहिता आलं नाही, म्हणून मशीनचं लिहिलं. आता लिहिते.

मधे ह्यांचा आवाज होता.

तुम्हाला माहीत आहे तो. प्रत्येक ओवीच्या आधी माइकजवळ येऊन म्हणायचे, "हॅलो. हॅलो. मशीन चालू हाय. मालनबाई, राहणार पिंगळी, तालुका परभणी. घे, आई." आत्याबाई म्हणायच्या, "घे काय घे? चुलीवर डाळ हाय माझी." मग हे, "डाळ बघंल सुकेशनी. तू घे." दर वेळी काहीतरी वेगळं. कधी माइकवर फुंकर मारायचे, कधी रस्त्यावरच्या कुत्र्याला दगड मारायला उठायचे आणि तेही भरलं जायचं.

दुसरीकडे ह्यांचा आवाज कुठंच नाही. मी शोधला. ह्यांच्या मोबाइलमधले व्हिडिओ ह्यांनीच काढलेले, त्यात दुसरे बोलतात. आवाजाचा मेसेज कधी पाठवला नाही, सगळ्यांना नुसतं 'ठीक' लिहायचे. लग्नाच्या कॅसेटवर फोटोग्राफरनं बँड भरून टाकलाय. रंगनाथभाऊंच्या फोनमध्ये पाहिलं, ऑफिसातल्या लोकांना विचारलं. आयुष्यभर लोकांचा आवाज नीट करत बसलेल्या माणसाचा आवाज कुणाकडे नाही. तो त्या स्पूलांवर आहे, आणि ते तुमच्याकडे आहेत.

आपले लोक ओव्या ऐकतील, आत्याबाईंचं नाव होईल, हे मलाही हवं आहे. ह्यांनी त्यासाठीच भरल्या होत्या. पण मूळ स्पूल काचेआड गेले की मी काय, तिकीट काढून बघायला येऊ? आणि बघून काय करू? ऐकायची वस्तू आहे ती.

परवा रंगनाथभाऊ आले होते. मी विचारलं, हेड सरळ केलंय, आता काही होईल का? म्हणाले, "सरळ केलेलं पुन्हा वाकडं करता येतंय वहिनी. त्यात काय, आपल्या ऑफिसात उभं आयुष्य तेच केलं. पर स्पूलच गेले तर मंग काय वाकडं करता?" ते हसवायला म्हणाले होते. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

आम्ही दोघं शनिवारी निघतो. रविवारी कार्यक्रमाला येऊ. मी पहिल्या रांगेत बसेन. ओरडणार नाही, तुम्ही मला ओळखता. पण कुणी जवळ येऊन विचारलं की तुम्ही कोण, तर सांगेन मी ह्यांची बायको. आणि मशीन देताना तुम्हाला कसं वाटतंय असं विचारलं, तर तेही सांगेन. मी दिलेलं नाही.

तसं नको असेल तर स्पूल आणि मशीन त्याआधी इकडे आणून द्या.

सुकेशनी


पिंगळी, दि. ४ ऑगस्ट २०२४

नागनाथ भाऊजी,
जयभीम.

आज रविवार. सकाळी कपडे धुतले. पाऊस नव्हता, दुपारपर्यंत वाळले. नंतर मशीनजवळ बसले.

आपण देवगाव फाट्यावर भेटलो त्याला पंधरवडा झाला. तिथं मला बोलायला सुचलं नाही, म्हणून आज लिहिते. तुम्ही फोनवर म्हणालात, "फाट्यापर्यंत आणतो, पुढं यायला वेळ नाही." पुण्याहून इतकं आलात आणि पिंगळीपर्यंत यायला वेळ नव्हता. घरी यायचं टाळलंत. मी ते समजून घेतलं आणि रंगनाथभाऊंना छोटा हत्ती टेम्पो करायला सांगितला.

गाडीतून खोकं उतरवताना तुम्ही चहावाल्याच्या पोत्यावर ते हळूच ठेवलंत, हे मी पाहिलं. मग चहा आला आणि तुम्ही म्हणालात, "वहिनी, राजेश्रीनं तुमाला अर्धंच सांगितलं. तो माणूस स्पूल लावून बसला होता. दादा बोलायला लागला. हॅलो, हॅलो. त्यो म्हणला, हे कोण बोलतंय मधी मधी? म्हणलं, फालतू हाय, उडवा. मला ऐकवत नव्हतं वहिनी."

कितीतरी वर्षांनी तुम्ही पिंगळीसारखं बोललात. मी चहावाल्याच्या स्टोव्हकडे बघत राहिले. रंगनाथभाऊ म्हणाले, "चहा गार व्हायलाय. रडायचं असंल तर पिऊन रडा, धा रुपयाचा हाय." तुम्ही रडता रडता हसलात. मला हसू आलं नाही. मी खोकं धरून गाडीत बसले, आणि तुम्हाला वाटलं असेल, वहिनीनं माफ केलं.

त्या वेळी सुचलं नाही ते आता सांगते. तुम्हाला ऐकवत नव्हतं, हे मला पटतं. मग तुम्ही उठून बाहेर जायचं होतं. कान झाकायचे होते. मशीन बंद करा म्हणायचं होतं. कापायचं कशाला? तुम्हाला सोसेना म्हणून तुम्ही माझ्यापुरतंही मिटवलंत. एकदाही मनात आलं नाही की पिंगळीत एक बाई आहे, तिला नेमकं तेच ऐकायचं आहे. दुःख काय तुमच्या एकट्याचं होतं? भाऊ गेला की लोक भावाला मिठी मारतात, माइकवर बोलायला लावतात. बायकोला भिंतीकडे तोंड करून बसवतात आणि समोरच्या खोलीतून सामान जातं. हे लिहायला मला पाच महिने लागले.

स्पूल सगळे आहेत. एकावरही कात्री चाललेली नाही, फक्त पेनड्राइव्हवर भरताना कापलं, हे डबे उघडून पाहिल्यावर कळलं. तेवढं तुमच्या बाजूनं लिहून ठेवते. तुम्ही कार्यक्रम मोडलात, त्या गृहस्थांची बोलणी खाल्लीत, हेही राजेश्रीनं सांगितलं. त्यांना ओव्या हव्या असतील तर नीट वाजायला लागल्यावर पुन्हा भरून देऊ. मधल्या बोलण्यासकट घ्यायच्या असतील तरच.

हेड पुन्हा वाकडं करायला रंगनाथभाऊ आले. स्क्रूवर ठिपका राहिलेला नाही, जुनी जागा कळायला काही मार्ग नव्हता. टेप चालू ठेवायची आणि स्क्रू पाव पाव फेऱ्यानं फिरवत ऐकत राहायचं. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. ते म्हणायचे "आलं, आलं", आणि आलेलं नसायचं. शेवटी म्हणाले, "वहिनी, कान तुमचा, हात माझा. सांगा फक्त." मग मी सांगायला बसले. जास्त झालं, मागे घ्या. थांबा. अजून थोडं. शाळेतून आल्यावर रोज थोडं थोडं केलं. जात्याची घरघर तर कशीही ऐकू येते, तिच्यावरून काही कळत नाही. आत्याबाईंच्या हातात काचेच्या बांगड्या असायच्या, त्या खुंट्याला लागायच्या. मी त्या ऐकत होते. आधी नुसता टक टक आवाज यायचा, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. परवा संध्याकाळी भाऊंनी स्क्रू केसभर फिरवला आणि काच वाजली. मी हात वर केला. त्यांनी पेचकस काढून घेतला आणि चप्पल घालून निघून गेले. मला तेव्हा लावायचं नव्हतं. आज लावलं.

सगळे स्पूल नीट वाजत नाहीत. दोन अजून दबके आहेत. ह्यांनी मधे कधीतरी स्क्रूला हात लावला असणार आणि मला सांगितलं नसणार. बडे इंजिनियर साब.

बाकीच्यांत हे आहेत. हॅलो, हॅलो म्हणतात. आवाज मला आठवत होता त्यापेक्षा बारीक आहे. तरुण आहे, मी म्हातारी झाल्यावर ऐकते आहे म्हणून असेल. एकदा मी मागून चहाचं विचारते, तर म्हणतात, "गप गं, मशीन चालू हाय." त्यांचं ते मला 'गप' म्हणणं मी चार वेळा मागे नेऊन ऐकलं.

एका स्पूलवर तुम्ही आहात. आत्याबाई ओवी म्हणताहेत आणि तुम्ही दारातून म्हणता, "दादा, भूक लागली." हे हळू आवाजात म्हणतात, "थांब नागू, ही ओवी संपली की तुझ्यासंगं जेवतो." तुमचं पाऊल वाजतं, तुम्ही जवळ येऊन बसता, आणि मग शेवटपर्यंत कुणी बोलत नाही. बोलण्यासकट ती ओवीही तुम्ही फालतू म्हणून उडवलीत. शेवटपर्यंत ऐकलंच नसेल.

त्याची प्रत पाठवणार नाही. पेनड्राइव्हवर नाही आणि मोबाइलवरही नाही. स्पूल घराबाहेर जाणार नाहीत. ऐकायचं असेल तर पिंगळीला या, फाट्यावर नाही. राजेश्रीला घेऊन या. जेवून जा. माझा राग गेलेला नाही, तो तुम्ही आलात तरी असेल, पण तुम्ही दारात आलात तर मी मशीन लावीन.

आत्ता टेप संपून शेपूट फडफडत होतं, म्हणून मधे उठले. स्पूल उलटा गुंडाळून डब्यात ठेवला. इतका वेळ वाजल्यावर हेडवर टेपची तांबूस भुकटी बसते, ती पुसावी लागते. काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि पुसलं. कापूस तांबडा निघाला. दुसरा घेतला.

सुकेशनी